झाडांसारखी माणसे

त्या वर्षी माझ्या वडिलांची नजर जात होती आणि रोज सकाळी माझी मुलगी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जात होती. नजर जात असल्याचे वडिलांना माहीत होते. मुलगी मागे बसते हे सगळ्यांनाच माहीत होते. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहणारे मोठे माणूस घरात नव्हते. जे घडले ते पुढे क्रमाने दिले आहे. जे घडले नाही, त्याचा विचार आजही टाळता येत नाही.

आमचे घर इंदूरच्या लालबाग राजवाड्यामागच्या वस्तीत आहे. आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इंदूरला आले आणि इथेच राहिले. वडिलांचा जन्म इथला. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. लेथवरून उतरलेला दांडा सरळ आहे की नाही, हे सांगणे हे त्यांचे काम. त्यांनी वाकडा म्हटलेला दांडा गेटबाहेर जात नसे. निवृत्तीनंतर आणि आई गेल्यावर त्यांच्याकडे तीन कामे उरली. रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचणे, शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी भरणारी प्रार्थना चालवणे आणि नातीला शाळेत पोहोचवणे. पत्नी शहराच्या दुसऱ्या टोकाला शिकवते, ती सगळ्यांच्या आधी निघते. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर रात्रपाळी करतो, त्यामुळे सकाळी झोपलेला असतो. शाळेची जबाबदारी वडिलांकडे जाणे स्वाभाविक होते.

पहिली खूण भिंतीवर दिसली. बैठकीच्या खोलीत लाकडी क्रूस आहे. उन्हाळा सुरू होताना वडील तो सरळ करू लागले. रोज चहा झाल्यावर उठायचे, क्रूसाचे खालचे टोक दोन बोटांनी डावीकडे सरकवायचे, मागे होऊन पाहायचे, पुन्हा सरकवायचे. ते उठून गेल्यावर क्रूस तिरका दिसे. पत्नी तो परत जागेवर आणी. दुसऱ्या दिवशी तेच. यावर घरात कोणी बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा लागतो, असे आम्ही धरून चाललो.

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकली असल्याचे जाहीर केले.

“फुगली आहे बघ,” ते म्हणाले. “मध्ये पोट आलंय तिला. सुतार बोलवून टाक.”

“पप्पा, मला तर सरळ दिसते.”

“तुला काय दिसतं! तू अक्षरं बघणारा माणूस. मी आयुष्यभर हेच केलं ना, भिया.” इंदुरात बाप मुलालाही भियाच म्हणतो.

त्यांच्याच पेटीतला जुना लेव्हल काढून मी चौकटीला लावला. काचेतला बुडबुडा मधोमध थांबला. वडिलांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मान तिरकी करून कडेने पाहिला आणि परत दिला. “हा पण गेला कामातून,” ते म्हणाले. सुतार आला. सरळ चौकट त्याने रंधा मारून, वडिलांच्या सांगण्यावरून, थोडी वाकडी करून दिली. ते दार अजून नीट लागत नाही.

मान तिरकी करून पाहणे, हे तेव्हा लक्षात घेण्यासारखे होते. बातमीत असा तपशील आला असता तर मी संबंधित वार्ताहराला परत पाठवून आणखी विचारायला लावले असते.

पावसाळ्यापर्यंत आणखी गोष्टी जमा झाल्या. वडील लोकांना ओळख देईनासे झाले. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने एकदा मला थांबवले. “भिया, चाचाजी नाराज हैं क्या अपन से? सामने खड़े होकर नमस्ते करो तो आरपार देखते हैं. आवाज दो तो एकदम हँस के बोलते हैं. घमंड आ गया क्या?” मी हसलो. तो हसला नाही. कढईतली जिलेबी परतत त्याने आवाज खाली घेतला. “और गाड़ी जरा धीरे चलाने का बोलो. कल स्कूल की वैन के इत्ते पास से निकले.” दोन बोटांत त्याने अंतर दाखवले. “बच्ची पीछे थी.”

घरी येऊन मी वडिलांना विचारले. “वो तो पूरे मोहल्ले का अखबार है,” ते म्हणाले. “तुझ्यापेक्षा त्याचाच खप जास्त.” विषय तिथेच संपला. स्कूटरच्या डाव्या अंगाला एक लांब ओरखडा होता. तो आधीपासून होता की नाही, यावर माझे आणि पत्नीचे एकमत झाले नाही.

त्यांचे वाचन मात्र सुटले नव्हते, निदान तसे दिसत होते. रविवारी ते वेदीजवळच्या मेजामागे उभे राहत, मोठे पवित्र शास्त्र उघडत आणि जुन्या करारातला पाठ खणखणीत वाचत. पान उलटायच्या जागी पान उलटत. फरक एवढाच की सकाळी ते आता कानात इअरफोन घालून बसत. मोबाइलवर मराठी शास्त्राचे ध्वनिमुद्रण ऐकत, तोच अध्याय पुन्हा पुन्हा. ओठ हलत असत. वाढत्या वयात माणूस वचनाच्या अधिक जवळ जातो, असे चर्चचे पाळकसाहेब एकदा कौतुकाने म्हणाले. आम्हालाही ते पटले.

एका सकाळी झोप लागली नाही म्हणून मी गच्चीत उभा होतो. कचऱ्याच्या गाडीचे गाणे गल्लीच्या तोंडाशी वाजत होते. वडील स्कूटर काढून थांबले होते. मुलगी मागे बसली, दप्तर सावरले. गाडीचे गाणे पुढे गेले, गल्लीचे तोंड मोकळे झाले. तिने आजोबांच्या पाठीवर दोन थपक्या दिल्या. स्कूटर निघाली. वरून ते दृश्य छान दिसले होते. मी खाली येऊन झोपलो.

शुक्रवारच्या प्रार्थनेची एक पद्धत आहे आणि पुढे जे झाले ते त्या पद्धतीमुळे झाले, म्हणून ती सांगितली पाहिजे. आमच्याकडे शास्त्रभाग आळीपाळीने वाचतात. दाराशी बसलेल्यापासून सुरुवात, प्रत्येकाने एक वचन, मग शेजारच्याने पुढचे. माणसे ठरलेली, खुर्च्या ठरलेल्या. आपल्या वाट्याला कोणते वचन येणार हे जो तो मनात मोजून ठेवतो आणि त्यावर आधीच बोट ठेवून बसतो. लहानपणी आम्ही भावंडे याच मोजणीत रमायचो. सोपे वचन आले तर आनंद, वंशावळीतली नावे आली तर घाम. आपली पाळी कोणी सोडत नाही. वाचता न येणारी एक म्हातारी पूर्वी येत असे, तीसुद्धा शेजारणीच्या मागून शब्द म्हणायची.

त्या महिन्यांत मार्काचे शुभवर्तमान ओळीने चालू होते. कुठून वाचायचे ते वडीलच ठरवत. त्या शुक्रवारी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूला बोलावले होते. ती पुण्याहून आलेली, इथल्या एका कॉलेजात शिकवणारी, हिंदू घरातली तरुण बाई. गणपतीत तिने आम्हाला प्रसाद दिला होता, तेव्हा वडिलांनी तिला म्हटले होते, “बेटा, आमच्याकडे पण ये कधी. पोहे मिळतील, गाणी मिळतील, पंडित कोणी नाही.” ती आली. पत्नीने तिला आपल्या आणि वडिलांच्या मध्ये बसवले. वडिलांच्या दुसऱ्या बाजूला माझी मुलगी होती.

गाणे झाले, प्रार्थना झाली. वाचनाला सुरुवात झाली. भाग होता आंधळ्या माणसाचा. त्याला येशूकडे आणतात, येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो. पत्नीने ते वचन वाचले. त्याच्या शेवटी येशूचा प्रश्न आहे: तुला काही दिसते काय?

नंतर पाहुणीची पाळी. तिने हसून मान हलवली आणि पुस्तक मांडीवर मिटले. आपण ख्रिस्ती नाही, तर आपण वाचणे बरे दिसेल का, असे तिला वाटले होते. हे तिने नंतर सांगितले. त्या वेळी ती काही बोलली नाही. मान हलवलेली सगळ्यांना दिसली आणि सगळ्यांनी वडिलांकडे पाहिले.

वडील थांबले होते. पुस्तक उघडे, बोट पानावर. ते तिच्या आवाजाची वाट पाहत होते. आम्ही त्यांच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो प्रश्न वाचून झाला होता आणि खोलीत कोणी उत्तर देत नव्हते.

“तुम्ही वाचा ना, काका,” पाहुणी हळूच म्हणाली.

वडिलांनी घसा साफ केला आणि वाचले. मग त्याने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले, तो बरा झाला आणि त्याला सगळे स्पष्ट दिसू लागले. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. पण ते वचन त्यांचे नव्हते. पाहुणीला मोजणीत धरून, तिच्यानंतरचे वचन त्यांनी सकाळपासून पाठ केले होते. मधले राहून गेले.

“आजोबा, एक छूट गया,” मुलगी म्हणाली. “मधलं.”

“वाच तू,” वडील म्हणाले.

तिने वाचले. मला माणसे दिसतात, पण ती झाडांसारखी दिसतात, चालणाऱ्या झाडांसारखी. वाचता वाचता तिला हसू फुटले. “अरे, हे तर आजोबांचंच आहे! आजोबांना पण असंच दिसतं ना. म्हणून तर मी थपकी देते.”

“कसली थपकी?” पत्नीने विचारले.

मुलीला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. ती उत्साहाने सांगू लागली. “मी कंडक्टर आहे ना. लाल बत्ती असली की एक थपकी, म्हणजे थांबा. हिरवी झाली की दोन, म्हणजे चला. गल्लीतून निघताना पण. कोणी मध्ये आलं तर एकदम जोरात एक.” मग आईचा चेहरा पाहून ती थांबली. “मैंने क्या किया?”

उरलेली वचने राहिली. वडिलांनी पुस्तक मिटले, समारोपाची प्रार्थना नेहमीच्या शब्दांत केली आणि आमेन म्हटले. लोक चहा न घेता उठले. पाहुणीला काहीतरी आपल्यामुळे झाले एवढे कळले होते, काय ते कळले नव्हते. ती दोनदा सॉरी म्हणाली.

त्या संध्याकाळी मी कामावर गेलो. एका अपघाताची बातमी माझ्याकडे संपादनासाठी आली. नेहमीची, चार ओळींची. दुचाकी, चौक, मागे बसलेली. मी ती दुसऱ्या उपसंपादकाकडे दिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मुलीची शाळा होती. मी झोपलो नव्हतो. वडील नेहमीच्या वेळेला हेल्मेट आणि किल्ली घेऊन खाली आले, जणू आदल्या संध्याकाळी काही झालेच नव्हते. मुलगी दप्तर घेऊन जिन्यात उभी होती. ती कोणाचे ऐकायचे ते ठरवत होती. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

“सरक,” वडील म्हणाले. “उशीर होतोय पोरीला.”

“पप्पा, तुम्हाला काही दिसतं का?”

हा प्रश्न मी विचार करून विचारला नव्हता. तोंडातून तो तसाच आला, कारण तो आदल्या संध्याकाळपासून तिथे होता.

“तू काय डॉक्टर झालास का?”

“मी विचारतोय फक्त.”

“दिसतं ना. फाटक दिसतं. तू दिसतोस.”

“माझा चेहरा?”

मान तिरकी करून त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूच्या भिंतीकडे पाहिले. आता मला कळले की त्या दिशेने पाहिल्यावर त्यांना मी कडेने दिसतो.

“चेहऱ्याच्या जागी डाग आहे,” ते म्हणाले. “राखाडी. त्याच्या आजूबाजूला शर्ट आहे. शर्ट निळा आहे. आवाज तुझा आहे म्हणून तू.”

“कधीपासून?”

“डाव्याला खूप दिवस झाले. उजव्याचं होळीनंतर. आधी रेषा वाकायला लागल्या. सगळ्याच रेषा.” ते थांबले. “मला वाटलं, घर खचतंय.”

“सांगितलं का नाही?”

“काय सांगू? रविवारचं वाचन गेलं, शुक्रवार गेला, पोरीला सोडणं गेलं, मग मी काय करू? सोफ्यावर बसून कुकरच्या शिट्या मोजू?” आवाज चढला आणि लगेच उतरला. “आणि मी रोज मागत होतो ना. गुडघ्यावर बसून मागत होतो. मिळणार असं धरून चालायचं, असंच शिकवलं आहे आपल्याला. दिसत नाही म्हटलं असतं तर विश्वास सोडल्यासारखं झालं असतं.”

मग तेच पुढे बोलू लागले. “रात्री त्या वचनाकडे परत गेलो,” ते म्हणाले. “जे मी सोडलं. त्या माणसाच्या डोळ्यांवर प्रत्यक्ष प्रभूचे हात होते. आणि तरी तो म्हणाला नाही की बरा झालो. माणसं झाडांसारखी दिसतात म्हणाला. जेवढं दिसत होतं तेवढंच सांगितलं. प्रभू रागावला नाही त्याच्यावर. पुन्हा हात ठेवले.”

वर्तमानपत्रात अर्धवट माहिती थांबवून ठेवतात, पूर्ण झाली की छापतात. त्या आंधळ्याची अर्धवट माहिती मात्र जशीच्या तशी शास्त्रात आली आहे. मी ते वचन लहानपणापासून किती वेळा ऐकले असेल. त्यात एवढे आहे, हे त्या फाटकाशी उभे असताना मला पहिल्यांदा कळले, आणि तेही वडिलांकडून.

किल्ली अजून त्यांच्याच हातात होती. स्कूटर स्टँडवरून उतरवलेली होती. एवढे सगळे बोलूनही ते निघू शकले असते. हात हँडलवर होता आणि पन्नास वर्षांची सवय त्या हातात होती.

मुलगी जिन्यावरून खाली आली. दप्तर पाठीवर घेऊन ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या पाठीवर तिने एक थपकी दिली. एकच. मग हात तिथेच ठेवला.

वडिलांनी स्कूटर परत स्टँडवर लावली. किल्ली मागे धरली, कोणाकडे न पाहता. ती तिने घेतली.

त्या दिवशी ती ऑटोने शाळेत गेली. आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तपासणीत वेळ गेला. डॉक्टर तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. “अंकल, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय,” त्यांनी हिंदीत सांगितले. “डाव्या डोळ्याचं मधलं गेलं, ते परत येणार नाही. उजव्यात गळती चालू आहे. इंजेक्शनं देऊन ती थांबवता येईल कदाचित. थांबली तर आहे तेवढं राहील. थोडं आधी आला असतात तर जास्त राहिलं असतं.” मग त्यांनी विचारले, “इथपर्यंत कोणी आणलं? गाडी तर चालवत नाही ना?”

वडिलांनी उत्तर दिले. “कालपर्यंत चालवत होतो. नात मागे बसायची.”

डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. ते रागावण्यापेक्षा वाईट होते.

वडिलांनी एकच प्रश्न विचारला. “वाचता येईल?”

“बघू,” डॉक्टर म्हणाल्या.

इंजेक्शन डोळ्यातच देतात. पहिल्या वेळी वडील बाकावर बसले होते. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, उजव्या भुवईवर खूण केलेली. “काहीतरी वाच,” ते म्हणाले. मला पाठ काही येत नाही. मी मोबाइलवर स्तोत्र शोधून वाचू लागलो, अंधाऱ्या दरीतून जाण्याचे. दुसऱ्याच ओळीत त्यांनी मला अडवले. “सावकाश. बातम्या वाचतोस का?” मी पुन्हा सुरू केले. दरीच्या जागी आल्यावर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “इथे बघ. दरी टळेल असं म्हटलेलं नाही. जातानाचं म्हटलं आहे.” मग त्यांना आत बोलावले. ते भिंतीच्या कडेने, हात न लावता, सरळ चालत गेले. कडेचे सगळे त्यांना दिसते.

रविवारी त्यांनी स्वतः पाळकसाहेबांना सांगितले. पाळकसाहेब म्हणाले की पाठ येतो तोवर पाठ म्हणा, पण पुस्तक उघडून नको. आता ते मेजामागे उभे राहतात आणि पुस्तक बंद असते. काही लोकांना ते आवडत नाही. शुक्रवारी पाहुणी पुन्हा आली, आणि या वेळी तिने आपल्या पाळीचे वचन वाचले, जरा घाईने. वडिलांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “मला दिसत नाही. सांग.” मुलीने शब्द सांगितले, त्यांनी मागून म्हटले. वाचता न येणारी ती म्हातारी करायची, तसेच.

स्कूटर विकली. पोहेवाल्याने ऐकले तेव्हा म्हणाला, “चलो, अब अपन रोड पार कर सकते हैं,” आणि वडिलांना बळेच एक प्लेट खाऊ घातली.

दवाखान्याने एक कागद दिला आहे. त्यावर बारीक चौकटी आहेत आणि मधोमध एक काळा ठिपका. तो फ्रिजच्या दारावर लावला आहे. रोज सकाळी डावा डोळा झाकून, चष्मा लावून वडील त्यासमोर उभे राहतात. ठिपक्याकडे पाहायचे आणि भोवतीच्या रेषा कुठे वाकतात, कुठे पुसल्या जातात, ते सांगायचे. कालच्यापेक्षा जास्त वाकल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितले आहे. जास्त वाकल्या तर काय, हेही सांगितले आहे.

एकदा मी विचारले की रोज सकाळी हे करताना भीती वाटत नाही का.

“वाटते ना,” ते म्हणाले. “पण वाळवंटात मान्ना, आकाशातून पडणारी भाकर, रोजचाच मिळायचा ना इस्राएल लोकांना. उद्याचा उचलून ठेवला की किडे पडायचे. आज जेवढं दिसतं तेवढं आजचं.” मग जरा वेळाने, “उद्याचं मला तरी कुठे माहीत आहे, यार.”

क्रूस ते अजून सरळ करायला जातात. बोटे उचलली जातात. मग ते थांबतात आणि विचारतात, सरळ आहे का. घरात जे असेल ते हो म्हणते, आणि ते हात मागे घेतात, त्यांना तो वाकडाच दिसत असला तरी.

आता मी रात्रपाळीहून आल्यावर लगेच झोपत नाही. मुलगी दप्तर घेऊन ऑटोची वाट पाहत दारात उभी असते. पत्नी निघण्याआधी चप्पल हातात घेऊन थांबते. वडील फ्रिजसमोर उभे असतात, एक डोळा तळहाताने झाकलेला. फ्रिजची मोटर घरघरत असते. त्यांना वेळ लागतो. काही दिवशी जास्त लागतो.

“आज?” मुलगी विचारते.

ते ठिपक्यावरून नजर काढत नाहीत.

“तेवढंच,” ते म्हणतात. मग ती निघते.